दोन ताटल्या, दोन हाका

एकाला सोबत म्हणून दुसरे द्यावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते. नवख्या बैलाला जाणत्या बैलाशेजारी जुंपतात. लहान मूल शाळेत जाताना रडू लागले, तर त्याचा हात शेजारच्या मुलाच्या हाती देतात. सोबत मिळाली की भीती निम्मी होते, हा त्यामागचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. म्हणूनच कुत्र्याची दोन पिल्ले एकाच दिवशी आमच्या घरी आली, तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणाला, "दोन आणलीत हे बरं केलंत. एकमेकांत रमतील, तुम्हांला बघावं लागणार नाही." पिल्ले एकमेकांत रमली, यात शंका नाही. वाक्याच्या उत्तरार्धाचा अनुभव मात्र अगदी उलटा आला. दोन पिल्ले एकत्र वाढवण्याची विद्या वेगळीच असते आणि ती शिकता शिकता माणसांविषयीही थोडेफार कळत जाते.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे घर आहे. गल्लीच्या टोकाला एक इमारत अर्धवट बांधून पडली होती. तिथल्या विटांच्या ढिगाआड गल्लीतली कुत्री व्याली. २०२२ सालच्या मार्गशीर्षातल्या एका पहाटे ती मोठ्या रस्त्यावर वाहनाखाली सापडली. तिच्या चार पिल्लांपैकी दोन लोकांनी नेली. उरलेली दोन, थंडीमुळे एकमेकांच्या अंगात शिरून लोकरीच्या गुंड्यासारखी पडलेली माझ्या मुलीला दिसली. आठवीतल्या त्या मुलीने कोणाचीही परवानगी विचारली नाही. शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून तिने ती थेट स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. सासूबाईंनी चष्मा सारखा करून पाहिले. एकाचा रंग जोंधळ्याच्या पिठासारखा, दुसरीचा नाचणीसारखा. "हा जोंधळ्या आणि ही नाचणी," त्या म्हणाल्या आणि बारसे तिथल्या तिथे उरकले.

संध्याकाळी आम्ही पिल्लांना घेऊन पशुवैद्याकडे गेलो. डॉक्टरबाईंनी दोघांचे तोंड उघडून दात पाहिले आणि वय ५ आठवड्यांच्या आसपास असावे, असे सांगितले. जंताचे औषध दिले, लसींच्या तारखा लिहून दिल्या, गाईचे दूध फार पाजू नका, पोट बिघडते, असेही बजावले. आम्ही निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन पिल्लं घेतलीत ना? मग दोन कुत्री वाढवा. जोडी वाढवू नका."

या वाक्याचा अर्थ आम्ही विचारला. त्यांनी सांगितले ते असे : एकाच वेताची दोन पिल्ले चोवीस तास एकमेकांबरोबर राहिली, की पुष्कळदा ती एकमेकांनाच सारे जग मानू लागतात. माणसाची हाक त्यांना परकी वाटते. धीट पिल्लू प्रत्येक वेळी पुढे होते आणि बुजरे त्याच्या आड उभे राहते. त्यामुळे धीट अधिक धीट आणि बुजरे अधिक बुजरे होत जाते. पुढे काही कारणाने एकाला दुसऱ्यावाचून राहावे लागले, तर त्याचा धीर पार सुटतो. प्रत्येक जोडीत असे घडतेच असे नाही. श्वानांना शिकवणाऱ्या लोकांचा हा अनुभव आहे. त्याला शास्त्राचा पक्का नियम म्हणता येणार नाही. "पण काळजी घ्यायला काय हरकत आहे?" त्या म्हणाल्या. त्यांचा उपाय साधा होता. दोघांचे जेवण वेगळे, अंथरूण वेगळे, शिकवणे वेगळे. रोज थोडा वेळ प्रत्येकाने एकट्याने घालवायचा. उरलेला सारा वेळ दोघांनी हवा तितका धुडगूस एकत्र घालावा.

हे सारे लगेच सुरू करावे लागते, त्यालाही कारण आहे. कुत्र्याचे पिल्लू जन्मतः आंधळे आणि बहिरे असते. दुसऱ्या आठवड्यात त्याचे डोळे उघडतात आणि त्यानंतर कान. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाशी ओळख करून घेण्यास विशेष उत्सुक असते, असे त्यांना आढळले. या काळात ज्यांचा सहवास लाभतो, ते त्याला आपले वाटतात. जे या काळात कधी भेटलेच नाही, त्याची भीती पुढे जाता जात नाही. आमच्याकडे आलेली पिल्ले ५ आठवड्यांची होती. म्हणजे हाताशी ७ आठवडे उरले होते.

घराची मांडणी बदलली. एक ताटली स्वयंपाकघराच्या दाराशी, दुसरी मागच्या पडवीत. मऊ भात, उकडलेले अंडे आणि कोंबडीच्या मांसाचे बारीक तुकडे असा दोघांचा आहार ठरला. सासूबाईंना तो फारच कोरडा वाटे. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते, हे त्या मला रोज ऐकवीत. या युक्तिवादापुढे डॉक्टरबाईंचा कागद दुबळा ठरे आणि थेंबभर तूप भातावर पडेच. बेदाणे, कांदा आणि चॉकलेट मात्र कुत्र्यांना अपायकारक असते, हे कळल्यावर त्यांनी बेसनाच्या लाडवांचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला आणि नातीलाही त्यातले लाडू मोजून देऊ लागल्या.

लहान पिल्लाला दर दोन तासांनी अंगणात न्यावे लागते. एकच पिल्लू असते, तर घरात झालेल्या ओल्या अपराधाचा कर्ता शोधावा लागला नसता. इथे दोघेही एकमेकांकडे सारख्याच निरागसपणे पाहत. चपलांच्या बाबतीतही तेच. डावी चप्पल कोणी कुरतडली आणि उजवी कोणी, याचा निवाडा शेवटपर्यंत झाला नाही. पिल्लांना दुधाचे २८ दात असतात, पुढे त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या माहितीचा पुरावा आमच्या घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पायावर आजही पाहता येईल.

दोघे एकत्र असण्याचा एक मोठा लाभ मात्र डोळ्यांदेखत दिसला. खेळताना जोंधळ्याचा दात जरा जोरात लागला, की नाचणी तीव्र स्वरात केकाटे आणि खेळ सोडून दूर जाऊन बसे. जोंधळ्या बावरून उभा राही. थोड्या वेळाने पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच करून तो तिला पुन्हा खेळायला बोलावी. कुत्र्यांच्या भाषेत हे खेळाचे आमंत्रण असते. किती जोरात चावले की खेळ मोडतो, हा धडा तिने त्याला आठवडाभरात शिकवला. तो माणसाला इतक्या लवकर शिकवता आला नसता. भावंडे एकमेकांना जे शिकवतात, त्याला पर्याय नाही.

सर्वांत कठीण गोष्ट होती ती हाकेची. "जोंधळ्या-नाचणी, या रे!" असे म्हटले की दोघेही धावत येत. पण अशा जोडहाकेने कोणालाच आपले नाव कळत नाही. एक धावला की दुसरा नुसता त्याच्या मागे धावतो. म्हणून घरात नियम झाला. एका वेळी एकच नाव घ्यायचे. ज्याचे नाव घेतले, त्याच्याच डोळ्यांकडे पाहायचे आणि तो आला की त्यालाच खाऊ द्यायचा. जोंधळ्या चार दिवसांत शिकला. नाचणीला हाक मारली की ती प्रथम जोंधळ्याकडे पाही. तो उठला तर ती उठे. तो पडून राहिला, तर तिच्या लेखी हाक आलेलीच नसे.

तिच्यासाठी रोज अर्ध्या तासाचा वेगळा वेळ काढला. सर्व लसी झाल्याशिवाय पिल्लांना रस्त्यावर उतरवायचे नसते. त्यामुळे मी तिला शालीत घेऊन फाटकापर्यंत जाई. रिक्षा, सायकल, शाळेची मुले, भाजीची गाडी हे सारे ती माझ्या दंडात तोंड खुपसून ऐके. पहिले आठ दिवस ती सतत कुंई-कुंई करी. तिकडे घरात जोंधळ्या दाराला नाक लावून तिला उत्तर देई. सासूबाईंना ते ऐकवत नसे. "अगं, मुकी लेकरं ती. आई गेली त्यांची. आता भावंडाचीही ताटातूट करायची? कुठल्या जन्मी फेडाल हे?" त्या म्हणत. मला उत्तर सुचत नसे. त्यांच्या बोलण्यात करुणा होती आणि माझ्या हाती केवळ एक सल्ला होता. करुणेला सल्ल्याने उत्तर देता येत नाही. तरीही अर्ध्या तासाचा तो नेम चालू राहिला.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सकाळी जोंधळ्याने ताटलीकडे पाहिले नाही. दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि संध्याकाळपर्यंत रक्तमिश्रित जुलाब. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितले, "पार्व्हो आहे." हा विषाणूजन्य रोग जगाला १९७८ पासून परिचित झाला. तो पिल्लाच्या आतड्यांच्या अस्तरावर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्याचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतात आणि माणसाच्या चपलेबरोबरही घरात येऊ शकतात. लसीची पहिली मात्रा दोघांनाही दिलेली होती. पण आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये काही पिल्लांच्या शरीरात लसीचा परिणाम अडवतात. म्हणून तर १६ आठवड्यांचे होईपर्यंत ती लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. दुसऱ्या मात्रेची तारीख तीन दिवसांवर होती.

या रोगावर विषाणूला थेट मारणारे हुकमी औषध हाताशी नसते. शरीरातले पाणी कमी होऊ द्यायचे नाही, इतर जंतूंचा संसर्ग रोखायचा आणि पिल्लाच्या शरीराला झुंजायला अवधी द्यायचा, एवढेच करता येते. जोंधळ्याच्या इवल्या पायाला सुई टोचून सलाईन लावले आणि त्याला दवाखान्यातल्या वेगळ्या खोलीत ठेवले. नाचणीला घरी नेऊन तिच्यावर लक्ष ठेवा, असे सांगितले गेले. आम्ही पडवी, अंगण आणि ताटल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन काढल्या. रात्री घरात प्रथमच एक अंथरूण रिकामे होते.

नाचणी त्या अंथरुणाभोवती फिरत राहिली. हुंगे, बसे, पुन्हा उठे. मी तिची ताटली नेहमीच्या जागी, पडवीत ठेवली. ती ताटलीपाशी गेली आणि सवयीने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिला एकदाच, हळू आवाजात हाक मारली. बराच वेळ गेला. मग ती माझ्या मांडीला टेकून उभी राहिली आणि भाताचा एक घास तिने खाल्ला. पाठोपाठ दुसरा. शालीतल्या त्या महिनाभराच्या अर्ध्या अर्ध्या तासांनी तिच्यात काय साठवले होते, ते त्या दोन घासांत मला दिसले. ती दुःखी होती. पण निराधार नव्हती.

सासूबाई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या येऊन माझ्याशेजारी बसल्या. नाचणीच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता त्या बोलू लागल्या, पण माझ्याकडे न पाहता. "आम्ही दोघी बहिणी. माझ्यात नि धाकटीत दीड वर्षाचं अंतर. एकाच ताग्यातले परकर, एकाच फणीनं वेण्या. आमची नावंसुद्धा सगळे एका दमात घ्यायचे. मला कुणी काही विचारलं, तरी उत्तर धाकटीच द्यायची. सगळ्यांना कौतुक वाटायचं, कशी जोडी आहे म्हणून. लग्न होऊन मी इथं आले. पहिल्यांदा बाजारात गेले, तेव्हा दुकानदारानं विचारलं, काय हवं? मी बाजूला बघितलं. बाजूला कुणीच नव्हतं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "भाव विचारायला शिकले मी. पण वर्ष गेलं त्यात." मग नाचणीला उद्देशून त्या म्हणाल्या, "खा गं बाई. तुझं तू खा."

पंचवीस वर्षे मी त्यांच्याबरोबर एका घरात राहत होते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

पाच दिवस जोंधळ्या दवाखान्यात होता. त्या दिवसांत मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून प्राण्यांविषयीचे एक पुस्तक आणले आणि आम्ही कुत्रा आणि माणूस यांच्या जुन्या नात्याबद्दल मिळेल ते वाचू लागलो. शेतीचा शोध लागण्यापूर्वीच माणसाने कुत्र्याला आपलेसे केले होते, हे वाचून आश्चर्य वाटले. त्याहून मनात राहिली ती जर्मनीतील बॉन शहराजवळच्या ओबरकासेल येथील हकिकत. १९१४ मध्ये तिथे सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एका कुत्र्याची हाडे होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कुत्र्याचे दात बारकाईने तपासले गेले. मृत्यूच्या वेळी ते सुमारे सात महिन्यांचे पिल्लू होते आणि त्यापूर्वी काही आठवडे त्याला डिस्टेंपर हा गंभीर रोग झाला असावा, असे अभ्यासकांना आढळले. इतक्या आजारी पिल्लाचा शिकारीला काहीच उपयोग नव्हता. माणसांनी ऊब, पाणी आणि अन्न दिल्याखेरीज ते तेवढे दिवसही जगले नसते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मी हे मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही कुणीतरी उशाशी बसलं होतं."

सहाव्या दिवशी जोंधळ्या घरी आला. बरगड्या मोजता येतील इतका तो वाळला होता. त्याच्या अंगाला औषधांचा वास येत होता. नाचणी धावत आली, पण एका हातावर थांबली. तिने त्याला शेपटीपासून कानापर्यंत सावकाश हुंगले. ओळख पटायला काही क्षण लागले. मग तिने त्याच्या पायावरची सलाईनची जागा चाटली आणि तिथेच बसली. पूर्वी ती त्याच्या आड बसत असे. त्या दिवशी दाराबाहेर स्कूटरचा आवाज झाला, तेव्हा प्रथम मान वर केली ती नाचणीने.

पुढे दोघांच्या लसी यथाकाळ झाल्या. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचली. ती आता दरवर्षी चुकवायची नसते. सहा महिन्यांनंतर दोघांची नसबंदी करून घेतली, तीही वेगवेगळ्या आठवड्यांत, म्हणजे घरात एक जण नेहमी धडधाकट राहील. आज दोघांनी तीन वर्षे ओलांडली आहेत. संध्याकाळी जोंधळ्या माझ्या मुलीबरोबर चार भिंतींच्या चढावर पळायला जातो. नाचणीला तो वेग मानवत नाही. ती सासूबाईंबरोबर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाते. वाटेत दोघी भाजीवाल्यापाशी थांबतात. सासूबाई भाव विचारतात आणि नाचणी शांतपणे त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहते. भाव पटला नाही, तर दोघी एकदमच वळतात.

घरी परतल्यावर मात्र फाटकापाशी जो सोहळा होतो, तो पाहण्यासारखा असतो. जणू वर्षांनी भेट होत असावी, अशा आवेगाने दोघे एकमेकांवर झेप घेतात. तासाभराचा दुरावा नसता, तर ही भेटही नसती. दोघांजवळ एकमेकांना सांगण्यासारखे काहीतरी असते. एकाने डोंगर हुंगलेला असतो, दुसरीने बाजार.

सोबतीचे मोल मी आजही कमी मानत नाही. एवढेच वाटते, की ज्याला एकट्याला कोणी हाक मारली आहे, त्यालाच दुसऱ्याची सोबत मनापासून करता येते. घरात दोन मुले असोत, वर्गात चाळीस असोत, प्रत्येकाच्या नावाची हाक स्वतंत्रच असावी लागते. तेवढा वेळ काढणे हे काम आहे आणि ते दुप्पटच असते. त्यात काटकसर होत नाही.

आमच्याकडे ताटल्या अजून दोन आहेत, अंथरुणेही दोन. थंडीच्या रात्री मात्र त्यांतले एक अंथरूण सकाळपर्यंत रिकामेच असते.